एका ग्राफवर थांबू नका: दूध संस्थेच्या डेटावर जोडलेले ग्राफ कसे चालवायचे

आपल्या कोल्हापूर भागात डेटा कुणाकडं नाही असं नाहीच. गावोगावच्या दूध संस्थेत रोज सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट आणि पाणी सोडून बाकीचा घन भाग) कॉम्प्युटरला पडतंय, शिरोलीच्या फाउंड्रीत प्रत्येक हीटची (भट्टीतल्या एका वितळणीची) नोंद असते, साखर कारखान्यात रिकव्हरीचा (उसातून किती साखर निघाली त्याचा) आकडा रोज निघतो, आणि पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तर प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर फिरत असते. पण पुढं ह्या डेटाचं होतं काय, तर एक्सेलमध्ये एक बार चार्ट काढायचा, मीटिंगला दाखवायचा आणि फाइल बंद. मला ह्याचं लय वाईट वाटतं, कारण कामाची गोष्ट त्याच फाइलीत पडलेली असते, फक्त ती एका चार्टमध्ये दिसत नाही, तीन-चार चार्ट एकमेकांना जोडून शेजारी शेजारी ठेवले की दिसायला लागते.

जोडून म्हणजे कसं ते आधी नीट सांगतो. समजा स्क्रीनवर तीन ग्राफ उघडे आहेत. एकात फॅट कुठल्या आकड्याला किती वेळा आलं ते, दुसऱ्यात आडव्या अक्षावर फॅट आणि उभ्या अक्षावर एसएनएफ, तिसऱ्यात तारखेनुसार लिटर. तिन्ही ग्राफमधला प्रत्येक ठिपका म्हणजे तुमच्या टेबलमधली एक ओळ, म्हणजे एका सभासदाचं एका वेळचं दूध. आता पहिल्या ग्राफमध्ये माउसनं कमी फॅटवाल्या ठिपक्यांभोवती चौकोन ओढला की तेच ठिपके त्याच क्षणी दुसऱ्या आणि तिसऱ्या ग्राफमध्ये पण उजळतात, टेबलमधल्या त्या ओळी पण उजळतात. बस, एवढंच आहे. पण एवढ्यानंच "हे कमी फॅटवालं दूध कुणाचं, कधीचं, आणि एसएनएफ पण कमी आहे का" ह्या तीन प्रश्नांची उत्तरं एका ओढीत समोर येतात, फिल्टर लावा काढा, पिव्होट फिरवा असलं काही करावं लागत नाही.

ही कल्पना नवीन नाही. १९७४ च्या सुमारास अमेरिकेत जॉन ट्युकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रिम-९ नावाची सिस्टीम केली होती, त्यात स्क्रीनवर डेटा फिरवून, काही भाग वेगळा काढून बघता यायचा, आणि १९८७ मध्ये बेल लॅब्सच्या बेकर आणि क्लीव्हलँड ह्यांनी एका ग्राफवर ब्रश फिरवला की बाकीच्या ग्राफमधले तेच पॉइंट उजळतात ह्या पद्धतीवर पेपर लिहिला. तेव्हा त्याला महागडी मशिनं लागायची, आज संस्थेच्या ऑफिसातला जुना लॅपटॉप आणि क्रोम एवढ्यावर होतं.

एक फरक मात्र सुरुवातीलाच डोक्यात पक्का बसवा, हायलाइट वेगळं आणि फिल्टर वेगळं. फिल्टरमध्ये न निवडलेल्या ओळी गायब होतात, हायलाइटमध्ये त्या मागं फिकट राहतात आणि निवडलेल्या पुढं उजळतात. शोधाशोध करताना मला हायलाइटच पाहिजे असतं, कारण "हे जास्त आहे" असं म्हणायचं तर कशापेक्षा जास्त ते मागं दिसायला पाहिजे ना. सगळं गायब करून उरलेले पन्नास ठिपके बघितले तर ते नेहमीच काहीतरी सांगतायत असं वाटतं.

आधी फाइल सरळ करा

सुरुवातीला मी कोडॅप सुचवतो. कॉन्कॉर्ड कन्सोर्शियम नावाच्या संस्थेनं शाळा-कॉलेजच्या पोरांना डेटा शिकवायला हे बनवलंय, फुकट आहे, ब्राउझरमध्येच चालतं, इन्स्टॉल काही करायचं नाही. गुगलवर सी ओ डी ए पी ही पाच इंग्रजी अक्षरं टाका, सापडतंय. पोरांसाठी आहे म्हणून कमी समजू नका, ग्राफ जोडण्याच्या बाबतीत इतकं सरळ काम करणारं दुसरं फुकट सॉफ्टवेअर माझ्या तरी बघण्यात नाही.

पण त्याच्या आधी फाइल. संकलनाच्या सॉफ्टवेअरमधून जो रिपोर्ट एक्सेलला निघतो त्यात वर संस्थेचं नाव, पत्ता, मधी मधी पानाची बेरीज, खाली सेक्रेटरीची सही असलं सगळं असतं. ते सगळं काढून टाकायचं. पहिल्या ओळीत फक्त कॉलमची नावं, आणि त्याखाली एका ओळीत एकाच वेळचं एकाच प्रकारचं दूध. माझे कॉलम असे असतात: तारीख, वेळ म्हणजे सकाळ का संध्याकाळ, सभासद नंबर, प्रकार म्हणजे म्हैस का गाय, लिटर, फॅट, एसएनएफ, रक्कम. एखाद्याकडं म्हैस पण आहे आणि गाय पण आहे तर त्याच्या एका वेळच्या दोन ओळी होणार, त्या एकत्र करू नका.

आकडे इंग्रजी अंकातच ठेवा, मराठी अंक असतील तर सॉफ्टवेअर त्याला अक्षरं समजतं आणि मग ग्राफवर फॅटची पट्टी न येता प्रत्येक आकड्याची वेगळी जात तयार होते. आकड्यापुढं टक्के, लिटर, रुपये असलं काही लिहू नका, एकक कॉलमच्या नावात घाला. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी करा, कारण आपल्याकडची दिवस-महिना-वर्ष ही तारीख अमेरिकन सॉफ्टवेअर महिना आधी धरून वाचायची शक्यता असते आणि मग ५ जुलैचा ७ मे होतो, ग्राफ दिसायला बरोबर दिसतो आणि सगळा अर्थ चुकतो. ज्या दिवशी दूध आलंच नाही तिथं शून्य टाकू नका, ती ओळच नको. आणि ओळ आहे पण फॅट लागलेलं नाही तर तो खाना रिकामा सोडा, शून्य फॅटचे ठिपके डाव्या कडेला जाऊन बसले की बाकीचा सगळा ग्राफ एका कोपऱ्यात आवळला जातो.

कॉलमची नावं मराठीत ठेवायची असतील तर एक्सेलमधून सेव्ह करताना साध्या सीएसव्हीच्या (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या साध्या फाइलीच्या) ऐवजी सीएसव्ही यूटीएफ-८ हा पर्याय घ्या, नाहीतर सगळ्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. गुगल शीटमधून डाउनलोड केलं तर हा त्रास नाही. आणि सभासदांची नावं फाइलीत ठेवूच नका, नुसता नंबर पुरे. कुणाच्या दुधाला किती फॅट लागतं आणि किती पैसे मिळतात ही त्या घरची गोष्ट आहे, ती प्रोजेक्टरवर नावानिशी झळकायला नको.

किती डेटा घ्यायचा? दीडशे सभासद, दिवसातनं दोन वेळा, दहा दिवस, म्हणजे ३००० ओळी झाल्या, एवढं कोडॅप आरामात खेचतं. वर्षाचा डेटा एकदम टाकला तर ते जड होतं, माउस ओढल्यावर उजळायला वेळ लागायला लागला की सगळी मजाच जाते, प्रश्न डोक्यात असतानाच उत्तर दिसायला पाहिजे. वर्षाचं बघायचं असेल तर प्रत्येक महिन्यातले ठराविक दोन-तीन दिवस घ्या. पण जे घ्याल ते एकाच फाइलीत घ्या. दोन महिन्यांच्या दोन फाइली वेगवेगळ्या टाकल्या तर ती दोन वेगळी टेबलं होतात आणि एकातलं सिलेक्शन दुसऱ्यात उजळत नाही.

ग्राफ उघडायचे कसे

कोडॅपमध्ये नवीन डॉक्युमेंट घ्या, आणि सीएसव्ही फाइल फोल्डरमधून उचलून सरळ ब्राउझरच्या खिडकीत सोडा. टेबल उघडतं. वरच्या पट्टीत ग्राफचं बटण आहे, ते दाबलं की एक खिडकी येते ज्यात सगळे ठिपके विस्कटून पडलेले असतात, घाबरू नका, अजून अक्ष दिलेला नाही म्हणून ते तसे आहेत. टेबलमधलं फॅट ह्या कॉलमचं नाव पकडून ग्राफच्या खालच्या कडेला आणून सोडा, सगळे ठिपके आपापल्या फॅटच्या जागी एकावर एक रचले जातात. हा झाला पहिला ग्राफ.

परत ग्राफचं बटण, फॅट खाली, एसएनएफ डाव्या कडेला. दुसरा झाला. तिसऱ्यात तारीख खाली आणि लिटर डावीकडं. चौथा नुसता प्रकार खाली आणि वेळ डावीकडं असा, म्हणजे म्हैस-सकाळ, म्हैस-संध्याकाळ, गाय-सकाळ, गाय-संध्याकाळ असे चार गठ्ठे. हा चौथा ग्राफ दिसायला अगदी साधा आहे पण माझ्या मते सगळ्यात कामाचा तोच, कारण कुठंही काही सिलेक्ट केलं की ते ह्या चारपैकी कुठल्या गठ्ठ्यात जास्त उजळतंय ते एका नजरेत कळतं. चारही ग्राफ एकाच वेळी पूर्ण दिसतील असे लहान करून मांडा, एकावर एक चढलेल्या खिडक्या ठेवल्या तर जोडण्याचा फायदाच उरत नाही. टेबल बारीक करून बाजूला ठेवा पण बंद करू नका.

सभासद नंबर हा आकडा दिसतो म्हणून सॉफ्टवेअर त्याची पट्टी करायला बघतं, पण नंबर ११७ हा काही ११६ पेक्षा मोठा नाही, नुसतं नाव आहे. तो अक्षावर टाकला तर अक्षाच्या नावावर क्लिक करून कॅटेगरी म्हणून धर असं सांगायचं.

आता बघायचं काय

पहिल्या ग्राफपासून सुरू करा. फॅटच्या ग्राफला बहुतेक दोन उंचवटे दिसतील, एक साडेतीन-चारच्या आसपास आणि एक सहा-सातच्या आसपास. आता डाव्या उंचवट्यावर माउसनं चौकोन ओढा आणि चौथ्या ग्राफकडं बघा, गाईचे गठ्ठे उजळले. उजवा ओढा, म्हशीचे उजळले. हे तर आम्हाला आधीच माहीत होतं म्हणाल, आणि ते बरोबरच आहे, पण पहिलं सिलेक्शन नेहमी असं माहीत असलेल्या गोष्टीचंच करा, त्यानं फाइल बरोबर आली का ते तपासून होतं. गाईच्या उंचवट्यात म्हैस-सकाळ पण मोठ्या प्रमाणात उजळली तर एंट्री करताना प्रकार उलटा पडलाय का ते आधी बघा, पुढं जाऊ नका.

आणि ह्याच कारणानं सगळ्या दुधाची मिळून फॅटची सरासरी काढण्यात काही अर्थ नसतो. ती दोन उंचवट्यांच्या मधल्या दरीत कुठंतरी पडते, जिथं प्रत्यक्षात फारच थोडं दूध असतं. तरी रिपोर्टमध्ये ती दरवेळी छापली जाते.

आता त्या दरीत बघा. पाचच्या आसपास जे थोडे ठिपके आहेत त्यांच्यावर चौकोन ओढा आणि हळूहळू बाकीच्या तीन ग्राफवरून नजर फिरवा. इथून खरं काम सुरू होतं. ते सगळे म्हशीच्या गठ्ठ्यातलेच आहेत का, सकाळचे जास्त का संध्याकाळचे, सगळ्या तारखांना विखुरलेत का दोन-तीन दिवसांतच आलेत, आणि मुख्य म्हणजे फॅट-एसएनएफच्या ग्राफवर ते कुठं पडलेत.

हा फॅट-एसएनएफचा ग्राफ जरा निवांत बघण्यासारखा आहे. त्यावर दोन ढग दिसतील, गाईचा डावीकडं खाली आणि म्हशीचा उजवीकडं वर. दुधात पाणी गेलं तर फॅट पण उतरतं आणि एसएनएफ पण, म्हणजे ठिपका ढगातून निघून डावीकडं खाली तिरका सरकतो. साय काढली किंवा वरचं दूध काढून घेतलं तर फॅट उतरतं पण एसएनएफ जवळजवळ तिथंच राहतं, म्हणजे ठिपका नुसता आडवा डावीकडं सरकतो. धार काढताना शेवटची धार सगळ्यात जास्त फॅटची असते, ती रेडकाला सोडली तर बादलीतल्या दुधाचं फॅट कमी लागणार आणि एसएनएफला फारसा धक्का नाही, म्हणजे हा ठिपका पण आडवाच सरकणार. आणि गाईचं दूध म्हशीच्या दुधात मिसळलं तर ठिपका दोन ढगांच्या मधल्या रेषेवर येऊन बसणार. आता बघा, नुसत्या फॅटच्या ग्राफवर हे चौघं एकाच जागी उभे असतात, फॅट पाच. पण दुसरा ग्राफ जोडलेला असल्यामुळं तेच चौघं तीन वेगवेगळ्या दिशांना पांगलेले दिसतात, साय आणि शेवटची धार तेवढे एकाच दिशेला. एक आकडा कमी का आला ह्याचं उत्तर दुसऱ्या आकड्यात असतं, म्हणून तर हे जोडायचं.

पण ठिपका तिरका सरकला म्हणजे त्या माणसानं पाणी घातलं असा निकाल लावू नका, कृपा करून. नमुना घेताना दूध नीट ढवळलं नसेल, मशीन साफ नसेल, जनावर नुकतं व्यालेलं असेल, चारा बदलला असेल. म्हैस आटत आली की फॅट वाढतं, ओला चारा एकदम वाढला की उतरतं असं कुठलाही जुना माणूस सांगेल. ग्राफ एवढंच सांगतो की कुठं जाऊन विचारायचं. आणि एकच ठिपका असेल तर तेवढ्यासाठी पण कुणाच्या दारात जायची गरज नाही, तोच नंबर परत परत तिथंच उजळतोय का ते बघा.

ते बघायची सोय पण आहे. टेबलमध्ये सभासद नंबर हा कॉलम पकडून अगदी डावीकडं ओढून सोडा, टेबल दोन भागात होतं, डावीकडं एक सभासद एक ओळ आणि उजवीकडं त्याच्या सगळ्या वेळा. आता डावीकडच्या एका नंबरवर क्लिक केलं की त्या सभासदाच्या सगळ्या ओळी चारही ग्राफमध्ये एकदम उजळतात. बाणाच्या बटणानं एकेक नंबर खाली येत गेलं की प्रत्येक घराचा एक छोटा पुंजका फॅट-एसएनएफच्या ग्राफवर दिसत जातो. चांगल्या घराचा पुंजका आवळलेला असतो, रोज जवळजवळ तेच दूध. एखाद्याचा पुंजका लांबट पसरलेला असतो, तिथं थांबा आणि तारखेच्या ग्राफमध्ये बघा की तो एका दिवशी उडी मारून सरकलाय का हळूहळू सरकत गेलाय. उडी असेल तर काहीतरी बदललं, जनावर विकलं, नवीन घेतलं, चारा बदलला. ह्या डावीकडच्या भागात नवीन कॉलम घालून फॅटची सरासरी काढायचा फॉर्म्युला टाकला तर प्रत्येक घराची सरासरी पण तिथंच मिळते, पण त्यात म्हैस आणि गाय एकत्र होणार नाहीत एवढं बघा, त्यासाठी प्रकार पण डावीकडं ओढा.

एका संस्थेच्या डेटात मला फॅट-एसएनएफच्या ग्राफवर ठिपक्यांच्या उभ्या रेघा दिसल्या होत्या, ६.० वर एक, ६.५ वर एक, ७.० वर एक, आणि बाकीचे ठिपके नेहमीसारखे मधी मधी पसरलेले. मशीननं मोजलेलं फॅट असं अर्ध्या अर्ध्यावर उभं राहत नाही. एका रेघेवर चौकोन ओढला, चौथ्या ग्राफमध्ये उजळलं फक्त संध्याकाळचं. दुसरी रेघ ओढली, परत संध्याकाळ. आणि तारखेच्या ग्राफमध्ये ते सगळे सलग चार दिवसांतले. विचारल्यावर कळलं, त्या दिवसांत संध्याकाळी मशीन बंद होतं आणि अंदाजानं आकडे भरले होते. कुणाची लबाडी नव्हती, पण पैसे त्या अंदाजावर वाटले गेले होते. एक्सेलच्या सरासरीत हे कधीच दिसलं नसतं, कारण सरासरी अगदी व्यवस्थित होती.

काही बारक्या गोष्टी ज्या रोज लागतात त्या इथंच सांगतो. प्रकार हा कॉलम उचलून ग्राफच्या मध्यभागी सोडला की ठिपक्यांना त्याप्रमाणं रंग लागतात, आणि खालच्या रंगाच्या खुणेवर क्लिक केलं की त्या रंगाचे सगळे ठिपके सिलेक्ट होतात. सिलेक्शनमध्ये आणखी ठिपके वाढवायचे तर शिफ्ट दाबून धरा. ग्राफच्या बाजूला डोळ्याचं चिन्ह आहे, त्यात न निवडलेले लपवा असा पर्याय मिळतो, जवळून बघायचं असेल तेव्हा वापरा आणि झालं की सगळे दाखवा वर परत या, नाहीतर अर्ध्या तासानं तुम्ही अर्ध्याच डेटावर निष्कर्ष काढत बसलेले असता. मोजपट्टीच्या चिन्हात सरासरी, मध्यक, बॉक्स प्लॉट (आकड्यांचा पसारा दाखवणारी चौकट) सगळं आहे. आणि काही गडबड झाली तर वर अनडू आहे, निर्धास्त ओढाओढी करा, डेटाला काही होत नाही.

पाऊस, नदी आणि नकाशा

हीच पद्धत नदीवर पण फार छान चालते. एक ओळ म्हणजे एक दिवस, आणि कॉलम म्हणजे गगनबावड्याचा पाऊस, राधानगरीचा पाऊस, धरणातला विसर्ग, राजाराम बंधाऱ्याची पातळी. आपल्याकडं ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ फुटाला धोका पातळी धरतात, तर ४३ च्या वरचे दिवस सिलेक्ट करा आणि पावसाच्या ग्राफवर ते कुठं उजळतात ते बघा. त्यातले काही दिवस कमी पावसाचे पण असू शकतात, आणि त्याचं कारण पाणी वरून खाली यायला वेळ लागतो. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारीचं पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येऊन मग पंचगंगा होते, शिवाय राधानगरी भरली की तिचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, तेव्हा पाऊस थांबला असला तरी पाणी येतच राहतं. म्हणून एक कॉलम कालच्या पावसाचा आणि एक परवाच्या पावसाचा करून ठेवा. कोडॅपमध्ये प्रीव्ह नावाचं फंक्शन आहे ते आधीच्या ओळीतला आकडा आणून देतं, ओळी मात्र तारखेच्या क्रमानं पाहिजेत.

जागेचा प्रश्न असेल तर नकाशा पण ह्या जोडणीत घ्या. गावांचे अक्षांश-रेखांश असतील तर कोडॅपच्याच नकाशावर ठिपके येतात, फक्त त्या दोन कॉलमची नावं इंग्रजीत लॅटिट्यूड आणि लाँगिट्यूड अशी ठेवा. पण तालुक्यांच्या किंवा गावांच्या हद्दी रंगवून बघायच्या असतील तर जिओडा हे नकाशांचं सॉफ्टवेअर घ्या. लुक अँसेलिन ह्यांच्या टीमनं केलेलं, फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. हे इन्स्टॉल करावं लागतं. त्यात शेपफाइल, म्हणजे हद्दींच्या नकाशाची फाइल, उघडायची, आणि लक्षात ठेवा शेपफाइल म्हणजे एक फाइल नसते, त्याच नावाच्या चार-पाच फाइली एकाच फोल्डरमध्ये एकत्र असाव्या लागतात, व्हॉट्सॲपवर कुणी त्यातली एकच पाठवली तर ती उघडणार नाही. मग टेबलच्या मेनूत मर्ज करून आपली सीएसव्ही जोडायची. नावावरून जोडायला जाऊ नका, हातकणंगले आणि गडहिंग्लजचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ऑफिसात वेगळं असतं, जनगणनेचा कोड असेल तर त्यावरून जोडा.

नंतर मॅपच्या मेनूतून रंगीत नकाशा, एक्सप्लोरच्या मेनूतून हिस्टोग्राम (कुठल्या आकड्याला किती ते दाखवणारे बार) आणि स्कॅटर प्लॉट (दोन अक्षांवरचे ठिपके) काढा. सगळे आपोआप जोडलेलेच असतात, वेगळं काही करावं लागत नाही. पावसाच्या हिस्टोग्राममधला सगळ्यात कमी पावसाचा बार दाबा, नकाशावर पूर्वेची बाजू, शिरोळकडची, उजळते. आणि आता पुरानं बाधित गावांचा ग्राफ शेजारी असेल तर तिथं बघा, तीच शिरोळची गावं तिथं वरच्या टोकाला. पाऊस सगळ्यात कमी आणि पुराचा फटका मात्र मोठा, कारण पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते आणि जिल्ह्याच्या मोठ्या भागाचं पाणी तिकडंच जातं. कोल्हापूरच्या माणसाला हे ग्राफशिवाय पण माहीत आहे, पण नुसता पाऊस आणि पूर असा एक स्कॅटर काढून त्यावर रेघ मारणाऱ्या बाहेरच्या माणसाला ते कळणार नाही, नकाशा जोडलेला असेल तर लगेच कळेल.

जिओडात एक फार चांगली सोय आहे, ब्रश. कंट्रोल दाबून धरून छोटा चौकोन काढायचा, तो लुकलुकायला लागला की सोडायचं, आणि मग माउस हलवला की तो चौकोन नकाशावर फिरतो आणि जिथं जाईल तिथली गावं बाकीच्या ग्राफमध्ये उजळत जातात. पश्चिमेला गगनबावड्यापासून पूर्वेला शिरोळपर्यंत हळू फिरवून बघा. स्कॅटर प्लॉटमध्ये निवडलेल्या गावांची रेघ वेगळी आणि न निवडलेल्यांची वेगळी अशी निघते, ब्रश सरकवताना ती रेघ कलंडते, कधी उलटी पण होते. म्हणजे एका भागात खरं असलेलं दुसऱ्या भागात खरं नाही.

दुसरं काही वापरत असाल तर

ऑफिसात एक्सेलच चालतं म्हणणाऱ्यांनी पिव्होट चार्टना स्लायसर (फिल्टरची बटणं) लावा आणि रिपोर्ट कनेक्शनमध्ये जाऊन तो एकच स्लायसर सगळ्या पिव्होटना जोडा. हे फिल्टर आहे, हायलाइट नाही, पण काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय ह्या सॉफ्टवेअरमध्ये एका बारवर क्लिक केलं की बाकीचे चार्ट आपोआप प्रतिसाद देतात, एडिट इंटरॅक्शनमध्ये जाऊन जिथं जमतंय तिथं फिल्टरच्या ऐवजी हायलाइट करून घ्या. ऑरेंज नावाचं सॉफ्टवेअर पण फुकट आहे, त्यात चौकटी तारेनं जोडायच्या असतात आणि स्कॅटर प्लॉटमधलं सिलेक्शन पुढच्या चौकटीला जातं, पण ते पुढंच जातं, मागं येत नाही, त्यामुळं मोकळ्या शोधाशोधीला मला ते कमी पडतं.

फाउंड्रीवाल्यांसाठी थोडक्यात: एक ओळ म्हणजे एक हीट किंवा एक बॉक्स, कॉलम म्हणजे वाळूचा ओलावा, ओतण्याचं तापमान, शिफ्ट, रिजेक्शनचं कारण. ब्लोहोल (कास्टिंगमधली वायूची पोकळी) सिलेक्ट करून ओलाव्याच्या ग्राफवर बघा, कोल्ड शट (धातू नीट एकजीव न झाल्याची भेग) सिलेक्ट करून तापमानाच्या. पण कारणाचा कॉलम शॉपवर एकाच पद्धतीनं भरला जात असेल तरच.

ह्या गोष्टी जपा

चार ग्राफ आणि मोकळा माउस असला की काही ना काही दिसतंच, आणि तासभर ओढाओढी केली की योगायोगानं जमलेला पुंजका पण शोध वाटायला लागतो. म्हणून माझी पद्धत अशी आहे, दुधाच्या एका बिलाच्या मुदतीतल्या डेटात जे दिसलं ते वहीत एका वाक्यात लिहायचं, "संध्याकाळी म्हशीचं फॅट सकाळपेक्षा जास्त" असं साधं, आणि पुढच्या बिलाचा डेटा आला की तेच सिलेक्शन परत करून बघायचं. परत दिसलं तरच बोलायचं.

सिलेक्ट केलेल्या ठिपक्यांची संख्या नेहमी बघा, मोजपट्टीच्या चिन्हात काउंट आहे. सात ठिपके उजळले आणि सातही सकाळचे निघाले तर ते ठीक आहे, पण त्यावर मशीन बदला म्हणू नका. आणि ठिपके एकावर एक पडलेले असतील तर वरचा एकच दिसतो, दाट भागात ठिपक्यांचा आकार लहान करा, नाहीतर वीस ठिपक्यांची जागा आणि दोनशे ठिपक्यांची जागा सारखीच काळी दिसते.

कमिटीसमोर दाखवायचं असेल तर स्क्रीनशॉट काढून पीपीटी करू नका. लॅपटॉप टीव्हीला जोडा, चार ग्राफ उघडे ठेवा, आणि माउस सेक्रेटरीच्या किंवा एखाद्या जुन्या संचालकाच्या हातात द्या. त्यांना जनावरं माहीत असतात, घरं माहीत असतात, वाडं (उसाच्या शेंड्यांचा चारा) कधी सुरू होतं आणि कधी संपतं ते माहीत असतं, ते बरोबर त्याच पुंजक्यावर चौकोन ओढतात जो तुम्ही ओलांडून गेलेला असता. त्यावेळी जे दिसेल ते सेव्ह करायला फाइल मेनूतून लोकल फाइल म्हणून तुमच्याच मशीनवर ठेवा, ग्राफ, रंग, मांडणी सगळं तसंच परत उघडतं. शेअरच्या पर्यायानं लिंक करायची वेळ आलीच तर आधी सभासद नंबरच्या जागी दुसरे कसलेही नंबर टाका, कारण गावात नंबर पण सगळ्यांना पाठ असतात.